गोलकीपरला टॉवेल-टोपी

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा तालमीत झाली. करमाळ्याच्या बाजूला माझ्या कुस्त्या पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत, म्हणून खोटं लिहिणार नाही. मैदान म्हणजे काय ते मला कळतं. फुटबॉलवाले आजही म्हणतात की कळत नाही. म्हणू देत.

नात सोलापुरात कॉलेजला. शेवटचं वर्ष. त्या वर्षी कॉलेजा-कॉलेजांचे सामने झाले आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा होता. मागची दोन वर्षं तिचं नाव यादीत आलं नव्हतं. या वर्षी आलं नाही तर संपलं, पुढं विद्यापीठच नाही. तिनं घरात एवढंच सांगितलं आणि जेवायचं ताट अर्धं ठेवून उठली. मी तेव्हाच ठरवलं की एकही सामना चुकवायचा नाही. घरातल्यांना वाटलं, म्हातारा हौसेनं जातोय.

पहिल्या सामन्यात मला ऑफसाइड कळला नाही. नातीला गडी मागं टाकून पुढं पळायची खोड, आणि तेवढ्यासाठी शिट्टी. मी लाइनवरच्या पंचाला विचारलं, पुढं जाणं हा गुन्हा कधीपासून झाला? तो म्हणाला, काका, मागं सरका. मी सरकलो नाही. तोच दोन पावलं पुढं गेला. दुसऱ्या सामन्यात नातीच्या संघानं सहा गोल मारले, त्यातले तिचे तीन. समोरच्या पोरी रडायला लागल्या, तेव्हा मी त्यांना आमच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या. नात घरी येऊन म्हणाली, आबा, आमच्यासाठी होत्या त्या.

असं करत करत फायनल आली. मांडवात टेबल, टेबलामागं निवड करणारे तिघं. संध्याकाळी यादी वाचणार होते. मी सकाळीच बाजारातून टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन पिशवीत ठेवला होता. आमच्याकडं रीत आहे. चांगली कुस्ती झाली की बघणारा माणूस आखाड्यात जातो आणि पैलवानाचा मान करतो. पैलवान आपल्या गावचा की परगावचा, हे बघत नाहीत. ज्यानं डाव दाखवला, मान त्याचा.

समोरच्या संघाची गोलकीपर अक्कलकोटकडची होती, उंच, कानडी बोलणारी. काय पोरगी होती! नातीचा एक फटका डावीकडं आडवी पडून अडवला, दुसरा पायानं, आणि तिसरा हवेत उडी मारून बोटाच्या टोकानं बाहेर घातला. बॉल रेषेपलीकडं गेला, शिट्टी झाली. आता कुस्तीत गडी आखाड्याबाहेर गेला की पंच थांबवतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी म्हटलं, हीच वेळ. पिशवी उचलली आणि खांबाच्या बाजूनं आत गेलो. मला कुणी अडवलं नाही. पंच आमच्याकडं पाठ करून, गोलासमोर एकमेकींना ढकलणाऱ्या पोरींना दम देत होता.

मी तिच्या डोक्यावर टोपी घातली. खांद्यावर टॉवेल टाकला. हातात नारळ दिला. ती हळूच म्हणाली, ‘‘अज्जा, आत्ता नको की. कॉर्नर हाय.’’

मी म्हटलं, कॉर्नर असू दे, तू नारळ धर.

आणि मैदानाच्या कोपऱ्यातून बॉल आला. नातीनं डोकं लावलं. गोलकीपरनं सवयीनं हात वर केला, त्या हातात नारळ. बॉल नारळावर आपटला, नारळ एकीकडं गेला, बॉल जाळीत. आमच्या पोरी नाचायला लागल्या. मग पंचाला गोलात टोपी घातलेली गोलकीपर दिसली, आणि तिच्याशेजारी मी.

गोल रद्द झाला. नात पंचाशी एक शब्द बोलली नाही, पळत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. बोलला सगळा मांडव. समोरच्या संघाचे सर म्हणाले, यांचा माणूस आत आला, यांना बाद करा. टेबलावरचा चष्मेवाला साहेब मला म्हणाला, लेखी माफी द्या, नाहीतर तुमच्या नातीला बाहेर बसवावं लागेल.

मी जन्मात माफी मागितलेली नाही. मेहुण्याच्या दारात मी नऊ वर्षं गेलो नव्हतो, कारण तो म्हणाला होता की माझ्या बैलाची चाल वाकडी. मी साहेबाला सांगितलं, मान करणं हा गुन्हा असेल तर तसं लिहून तुम्ही द्या. त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. नातीच्या कॉलेजचे सर मजकूर सांगायला लागले. मी म्हटलं, मला लिहिता येतं.

मी लिहिलं, ‘‘मी आत गेलो हे खरं. पोरीचा खेळ बघून गेलो. डाव चालू होता हे मला समजलं नाही. यात नातीचा काही दोष नाही.’’ साहेबानं वाचून परत दिलं. म्हणाला, यात माफी कुठं आहे?

मैदानावर बावीस पोरी उन्हात उभ्या. नात लांबून बघत होती. मग चालत आली, माझ्याजवळ वाकली.

‘‘आबा, एक ओळ हाय. लिवा की.’’

लिहिली. पेन जड झालं होतं, पण लिहिली.

सामना पुढं चालू झाला. गोल कुणाचाच झाला नाही आणि शेवटी पेनल्टीवर आमचा संघ हरला. तीन पेनल्टी त्याच गोलकीपरनं अडवल्या. संध्याकाळी यादी वाचली. पहिलंच नाव त्या गोलकीपरचं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, नातीनं माझा हात धरून खाली केला. पुढं नावं येत गेली, ती थांबेनात आणि नातीचं येईना. शेवटून दुसरं आलं. चष्मेवाला साहेब म्हणाला, गोल गेल्यावर ही पोरगी भांडली नाही, परत जाग्यावर गेली, तेव्हाच तिचं नाव लिहिलं.

मी उठून सांगणार होतो की तो गोल खरा होता. तिनं शर्ट ओढला.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘‘आबा, संघ बाहेर खेळायला जाईल तवा तुमी घरीच बसायचं.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो.

एका दिवसात दोनदा वाकलो. अंगाला सवय लागायला नको, म्हणून घरी गेल्या गेल्या सुनेशी चहातल्या साखरेवरून भांडलो. साखर बरोबर होती. तरी मी माघार घेतली नाही.