वरच्या दालनातली सुषमाची चित्रं

सुषमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी संग्रहालयाच्या वरच्या दालनात, तिच्याच चित्रांपुढे उभी होते. खाली तांब्याच्या जुन्या भांड्यांचं प्रदर्शन होतं. शाळेची सहल आलेली, मुलांचा गलका जिन्यावरून वर येत होता. तिचे यजमान दिनकरराव एवढंच म्हणाले, "मीनाताई, झोपेतच गेली..." आणि त्यांनी फोन ठेवला.

चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही दोघी एका वर्गात. मी शाळेत शिकवण्यात रमले. सुषमानं मात्र लग्नानंतर नाशिक रोडच्या क्वार्टरमध्येही हात चालू ठेवला. कडेवर लेक, गार्गी, आणि पिशवीत भाजीबरोबर स्केचबुक अशी ती पंचवटीच्या बाजारात कितीदा तरी दिसायची. गार्गी अकरावीत असताना तिला रक्ताचा कर्करोग निघाला. त्या सगळ्या महिन्यांत सुषमा खाटेशेजारी बसून पेन्सिलीनं तिची चित्रं काढत राहिली. केस गेलेलं डोकं, सुया टोचून काळानिळा पडलेला हात... गार्गीच म्हणायची, "आई, आज नाक तरी नीट काढ." ती गेली त्या सकाळीही सुषमाच्या मांडीवर कागद होता. दिनकररावांनी तो पाहिला आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "पोरगी चाललीय आणि तुला चित्रं सुचतात? आई आहेस का कोण आहेस तू?" त्यानंतर त्यांनी तिच्या एकाही चित्राकडे पाहिलं नाही. घर चाललं, सणवार झाले, दोघं समोरासमोर बसून जेवत राहिले. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हात थांबला असता ना, तर मी तिच्यासमोरच मोडून पडले असते गं."

यंदा संग्रहालयानं आजारपणावरच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं आणि सुषमानं पहिल्यांदाच ती चित्रं बाहेर काढली. तोवर तिचं हृदय पार थकलं होतं. उद्घाटनाला निघताना तिनं माझ्यासमोरच दिनकररावांना विचारलं, "येता का?" ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मला नाही जमायचं." कार्यक्रमभर ती दारावर नजर ठेवून होती. नंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

तेराव्यानंतर दिनकरराव स्वतःहून म्हणाले, "मला तिथं घेऊन चला." दालनात ते आधी खाली मान घालूनच चालले. मग एका चित्रापाशी थबकले. गार्गी झोपलेली, आणि पायथ्याशी वाकून तिचे तळवे चोळणारा एक पुरुष. नुसती पाठ, उसवलेली कॉलर.

"हा मी आहे," ते म्हणाले.

पुढच्या चित्रात ते स्टुलावर पेंगत होते. त्यापुढच्यात चमच्यानं पाणी पाजत होते. जवळजवळ प्रत्येक कागदावर कुठे ना कुठे ते होतेच.

"मला वाटायचं, हिला कागदापलीकडे काही दिसतच नाही... बोलली का नाही कधी?"

ती बोलावत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांनाही कळलं असावं, कारण ते तिथंच भिंतीला हात टेकून उभे राहिले.

प्रदर्शन आता संपत आलंय. परवा त्यांच्या घरी गेले तर दिनकरराव गार्गीच्या खोलीत हातोडी घेऊन उभे होते. चित्रं परत आली की इथं लावायची म्हणाले. खिळा कुठे ठोकावा ते त्यांना ठरवता येईना.

"सुषमा इथं उभी राहिली असती, तर तिची नजर कुठवर आली असती?"

ती माझ्यापेक्षा बुटकी होती. मी माझ्या हनुवटीच्या उंचीवर भिंतीला बोट टेकवलं. त्यांनी तिथं पेन्सिलीनं बारीकशी खूण केली.