प्रक्षुब्ध प्रवाहाचे मास्तर

वाहतं पाणी दिसलं की आमचे विज्ञानाचे मास्तर थांबत, वाकून एक पान उचलत आणि पाण्यात सोडत. ते वाहून गेलं की बरोबर त्याच जागी दुसरं. शेतातला पाट असो की पावसाळ्यातली गटार, त्यांना सारखंच. बरोबरचा माणूस तोवर पुढे गेलेला असे आणि हे मागून म्हणत, "थांबा ना, दुसरं पाहू द्या."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यासोबत कुठेही वेळेवर पोचता येत नाही.

आमची शाळा वैनगंगेच्या पूर्वेच्या काठावर होती. जिल्हा तेव्हा चांदा. नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूतून बैलगाडी पार होई, एरवी डोंगा, म्हणजे झाडाचं एकच खोड कोरून केलेली नाव. मी मराठी शिकवत असे, म्हणून मास्तर मला पंडितजी म्हणत. मला ते आवडत नसे, पण त्यांनी सोडलं नाही.

नव्या परिभाषेची पुस्तकं आली, त्यात 'प्रक्षुब्ध प्रवाह' असा शब्द होता. परीक्षेत निम्म्या वर्गाने त्याचा अर्थ 'रागावलेले पाणी' असा लिहिला. मास्तर माझ्याकडे आले आणि दुसरा शब्द मागू लागले. मी खळाळता सुचवला, खवळलेला सुचवला. त्यांनी मान हलवली.

"खळाळणं कानाचं, खवळणं मनाचं. मले पाण्याचं पाहिजे."

शेवटी शब्द पुस्तकाचाच राहिला, अर्थ मात्र त्यांनी मुलांना पाटावर नेऊन शिकवला. संथ पाण्यात एका जागी सोडलेली सगळी पानं एकाच वाटेनं जातात. प्रक्षुब्ध पाण्यात प्रत्येक पान आपली वाट वेगळी धरतं, आणि पुढचं कुठे जाईल ते मागच्यावरून सांगता येत नाही. मग पाण्याचा आवाज येवो की न येवो.

मुलांना शब्द इतका आवडला की ती बाजारालाही प्रक्षुब्ध म्हणू लागली आणि हेडमास्तरांनाही. मास्तरांनी बाजार चालवून घेतला. हेडमास्तरांचं त्यांना पटलं नाही. ते रोज त्याच वेळी, त्याच गोष्टीवर, त्याच शब्दांत चिडतात, तर प्रक्षुब्ध कसे, असं त्यांनी भर वर्गात विचारलं. हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं आणि ते चिडले, अर्थात त्याच शब्दांत.

मास्तरांची आई नदीपलीकडे, दूरच्या खेड्यात एकटी राही. तरी ते दिवाळीत घरी जात नसत; जात ते उन्हाळ्यातच. आम्ही त्यावरून त्यांना पुष्कळ छेडलं. ते हसत आणि विषय बदलत.

त्या श्रावणात माझ्या बायकोचे दिवस भरले. सकाळपासून कळा येत होत्या. दुपारी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, दवाखान्यात न्या. दवाखाना नदीपलीकडे, आणि नदीला पूर.

तिला खाटेवर घालून आम्ही घाटावर आलो. तिथला रिवाज असा, की पाणी घाटावरच्या देवाच्या ओट्याला टेकलं की नाव चालवणारे ढिवर डोंगे ओढून वर घेत आणि कुणी कितीही विनवलं तरी नदीत उतरत नसत. पाणी ओट्याला टेकून वर चढत होतं. कवडू ढिवराने खाटेकडे पाहिलं, ओट्याकडे पाहून हात जोडले आणि डोंगा खाली ढकलला.

प्रश्न होता कुठून घालायचा. रोजच्या घाटासमोर पाणी सपाट दिसत होतं. जरा वर, खडकाच्या बाजूने, लाटा आपटत होत्या आणि तो आवाज घाटापर्यंत येत होता. कवडू म्हणाला, रोजचाच घाट बरा. मीही तेच म्हणालो. तेवढ्यात गर्दीतून मास्तर पुढे आले.

"कवडूभाऊ, तुंबे हाय का?"

ढिवर वाळलेले भोपळे जाळ्याला बांधतात, त्यांना तुंबे म्हणतात. मास्तरांना ते पाण्यात टाकून पाहायचे होते. माझी बायको विव्हळत होती आणि हा माणूस खेळ मांडत होता. मी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

कवडूने रोजच्या घाटावरून तुंबा फेकला. तो सरळ पलीकडे निघाला. झालं ना, मी म्हणालो. मास्तर म्हणाले, त्याच जागी दुसरा. दुसरा मधोमध गेला, थांबला, उलटा फिरला आणि दिसेनासा झाला. प्रवाहात बराच खाली गेल्यावर पुन्हा पाण्यावर आला. तिसरा आमच्याच काठाला परत लागला.

मग खडकाच्या बाजूने टाकले. ते लाटांवर आपटत गेले, पण सगळे एकामागोमाग एका वाटेनं, पलीकडच्या वळणाकडे.

"हे बी प्रक्षुब्धच हाय, पंडितजी," मास्तर हळू म्हणाले. "पन तिथल्यापेक्षा कमी. एवढंच सांगता येते मले."

कवडूने मान डोलावली. आता माणसं. तो मागे वल्हं धरणार, मी बायकोला धरणार, आणि पुढे बसून आत येणारं पाणी उपसायला एक हवा. कवडूचा भाऊ पलीकडे अडकला होता. मी गर्दीकडे पाहिलं. बरेचजण पोहणारे होते. सगळे ओट्याकडे पाहत होते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा.

मास्तरांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि डबा उचलला. डोंग्यात पाय ठेवताना त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी याच्यात कधी बसलो नाई," ते म्हणाले. "पोवता येत नाई. पाण्याचं लय भेव वाटते मले."

एवढं बोलून ते बसले आणि आम्ही निघालो.

नदीत बायकोचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला तिच्या आवाजाखेरीज काही कळत नव्हतं. मास्तर उपसत होते. मध्येच उपसणं थांबलं. मी वर पाहिलं, तर वरून एक आख्खं झाड मुळांसकट येत होतं. बरंच बाजूला होतं. कवडूने ते पाहिलं आणि आणखी जोर लावला. ते बाजूने जाईल असा त्याचा हिशोब होता.

"कवडूभाऊ, थांबवा," मास्तर म्हणाले. "तुंबे गेले त्याच वाटेनं येईल ते. आपन त्याच वाटेवर हावो."

कवडूने वल्हं उलटं रोवलं. डोंगा आडवा झाला, भसकन पाणी आत आलं, बायको किंचाळली. झाड वळलं आणि थांबलो नसतो तर आम्ही जिथे असतो, नेमकं तिथून गेलं. त्याच्या फांद्या कवडूच्या डोक्यावरून घासत गेल्या. मास्तर वेड्यासारखे पाणी उपसत होते, आणि मोठ्याने रडत होते.

संध्याकाळच्या आत दवाखान्यात मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पूर उतरल्यावर कवडू आम्हाला न्यायला आला. नदी इतकी निवली होती की बाया कपडे धूत होत्या. आम्ही बसलो. मास्तरांनी एक पाय डोंग्यात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मला वाटलं, उद्या येतील. ते आलेच नाहीत. हेडमास्तरांनी दोनदा निरोप धाडला, मग चिडले, मग त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. भीतीपायी नोकरी सोडणारा माणूस पाहिला नाही, असं शाळेत सगळे म्हणाले. मी भांडलो, पण उपयोग झाला नाही.

उन्हाळ्यात नदी वाळूतून ओलांडता येऊ लागली तेव्हा मी त्यांची वळकटी आणि पेटी गाडीत घालून त्यांच्या खेड्यात गेलो. आईसोबत राहत होते, गावच्या मुलांना फुकट शिकवत होते. अंगणात बाज टाकून त्यांनी मला बसवलं, मुलीचं विचारलं, बायकोचं विचारलं. शाळेचं विचारलं नाही. शेवटी मीच बोललो. परत डोंग्यात बसणं जमणार नाही हे ठाऊक असतं, तर त्या दिवशी बसला असता का?

"बसतानाच ठाऊक होतं," ते म्हणाले. "एकदा बसता येईल, इतकीच हिंमत होती माह्याजवळ."

आत त्यांची आई चहा गाळत होती. मी उठलो आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते माझ्याहून चांगले दहा वर्षांनी लहान होते. गडबडून मागे सरले आणि पाय धोतरात लपवायला लागले.