पार्ट यायचाय

दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर कडुलिंबाची एक फांदी उतरली आहे. मागच्या खेपेला ती पाटीला नुसती टेकत होती. आता निम्मी अक्षरं तिनं गिळली आहेत. आत फळीवर आमची पेट्रोलवर चालणारी करवत धूळ खात पडली आहे. उन्हाळ्यात दिली होती, आता थंडी पडली. दुकानदाराचं म्हणणं तेच, "पार्ट यायचाय, ताई."

झाडं छाटायचा आमचा लहानसा धंदा. कामाला मी आणि माझा दीर. करवत इथं अडकल्यापासून आम्ही दोघं हातकरवतीनं फांद्या उतरवतो. घरी गेल्यावर खांदे ठणकतात, पण "मशीन आलं की येतो" असं एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

बाहेर येऊन मी वर पाहिलं. या कडुलिंबाची जाड फांदी मागे आम्हीच कापली होती. तो घाव अजून दिसतो. त्याच्या शेजारूनच ही नवी फांदी फुटली आणि बघता बघता पाटीपर्यंत पोचली. गेलेली फांदी परत येईल म्हणून झाड वाट बघत बसलं नाही. जे उरलं होतं, त्यातूनच वाढलं. कसलं माजोरडं! मला फार आवडलं.

तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. "ताई, एवढी फांदी काढून द्या ना. पाटीच दिसेना झालीये."

हातकरवत माझ्या स्कूटरलाच बांधलेली होती.

"काढते की," मी म्हटलं, "मशीन आलं, की लगेच."