जंगलातला भारद्वाज

केनियाच्या जंगलात जीपमधले सगळे उजवीकडच्या सिंहावर कॅमेरे रोखून बसले होते. बायकोला मात्र डावीकडच्या झुडपात भारद्वाज दिसला. तिने पटकन हात जोडले. "चला, आता दिवस चांगला जाणार!"

"अगं, आपण एवढ्या लांब सिंह बघायला आलोय," मी म्हटलं.

"सिंह दिसून कधी कुणाचं भलं झालंय?"

पक्षी आपल्याकडच्यापेक्षा थोडा वेगळा होता, पण पंख तसेच तांबूस आणि चालही तशीच, बिनघाईची. परक्या मुलखात माणूस आधी ओळखीचंच काहीतरी शोधतो. ड्रायव्हरने विचारलं म्हणून मी त्याला आमचा शकुन सांगितला. तो म्हणाला, "आमच्याकडे हा ओरडला की पाऊस येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मध्येच जीप थांबवली. सगळे सिंह शोधू लागले. त्याने बायकोला झुडूप दाखवलं आणि तिच्याआधी स्वतःच हात जोडले.