तांब्याच्या नळीतला चुंबक

आजोबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात चुंबक असायचाच, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. जळलेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरण्यात त्यांचा उभा जन्म गेला. तार आली की आधी चुंबक लावायचा. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता तांब्याचा मुलामा! मग तार आणणाऱ्याची अशी बिनपाण्याने व्हायची, की शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसायचा.

नातीला त्या चुंबकाचा वेगळाच नाद. प्लास्टिकच्या नळीतून सोडला की तो धपकन खाली यायचा. तांब्याच्या जाड नळीतून मात्र आरामात, पावलं मोजत.

"तांब्याला चिकटत नाही ना? मग एवढा रेंगाळतो कशाला?"

"अगं, तो हलला की तांब्यात वीज फिरते, ती त्याला अडवते. चिकटत नाही, पण सोडतही नाही. तुझ्यासारखा!"

मग आजोबांच्या हृदयानेच दगा दिला. छातीत डाव्या बाजूला कातडीखाली ठोके सांभाळणारं यंत्र, पेसमेकर, बसवलं. "चुंबक छातीजवळ न्यायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आजोबांनी शहाण्यासारखी मान डोलावली, आणि दुकानात बसल्या बसल्या पहिली तार तपासून चुंबक टाकला खिशात! जित्याची खोड, दुसरं काय! बघता बघता छाती धडधडायला लागली, डोकं गरगरलं. सुनेने धावत येऊन चुंबक काढला आणि माळ्यावर टाकला. त्याच दिवशी तिने सगळ्या शर्टांचे खिसे शिवून बंद केले. आजोबा चिडले, पण चिडण्यापेक्षा ते जास्त घाबरले होते. चांगलेच घाबरले होते.

नातीला कुणी काही सांगितलं नाही. पोर उगाच धसका घेईल म्हणे!

आजोबा कामाला हात न लावता नुसते बसून राहतात, हे तिला बघवेना. तिने स्टुलावर चढून चुंबक शोधला, फ्रॉकच्या खिशात घातला आणि पळत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. "ओळखा काय आणलंय!"

छातीला काहीतरी टणक लागलं. आजोबांनी जीव खाऊन तिला ढकललं. "लांब हो!"

ती मोटारीच्या लोखंडी कवचावर आपटली. कोपर फुटलं. रडली मात्र नाही, नुसती बघत राहिली.

संध्याकाळी आईने तिला सगळं समजावलं. चुंबक शिंप्याला देऊन टाकला, सांडलेल्या सुया उचलायला. नात दुकानाच्या दारात आली. कोपराला पट्टी होती. तिने फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, हात पसरून दाखवले.

"बघा आजोबा, काही नाही. आता येऊ?"

आजोबांना "ये गं बाळा" म्हणायचं होतं. पण त्याआधीच त्यांचा हात छातीवर गेला.

तिने तो हात पाहिला आणि ती दारातच बसली.