हातातलं पान

ज्यांच्यामुळे मी पदवीधर झालो, ते माझे थोरले काका, हरिकाका, गेले. दीड महिन्यापूर्वी ऑफिसात तार आली. मी वसईला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं…

माझे वडील लवकर गेले. काकांची पानवेलीची वाडी होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या मुलाबरोबर मलाही वाढवलं, शिकवलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला नाद लागला तो स्टेशनजवळच्या दुकानातल्या व्हिडिओ गेमचा. पडद्यावर वरून उतरणारी अवकाशयानं टिपायची. एकटा असलो की माझा हात धरणारा कुणी नव्हता. पण दुकानदाराने स्पर्धा ठेवली, मागे पोरं जमली, की तळवे भिजायचे, खेळाची दांडी हातातून घसरायची. “अरे, ह्याच्या हाताला पंखा लावा!” पोरं ओरडायची. दोन स्पर्धांत मी पहिल्याच फेरीत बाद झालो.

काकांना खेळ कळत नव्हता, हात कळायचे. त्यांनी मला वाडीत नेलं, पानं खुडायची लोखंडी नखी माझ्या अंगठ्यात चढवली आणि वेलीसमोर उभं केलं. घाईत मी देठाऐवजी पानच फाडलं.

“तू खुडतो एक आनि बघतो दुसऱ्याला,” काका म्हणाले. “हातातला पान बघ. पुढचा काय पळून जात नाय.”

“आणि मागून लोक बघत असले तर?”

“त्यांना थोडीच खुडायचाय?”

महिनाभर रोज सकाळी मी पानं खुडली. पुढच्या स्पर्धेच्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून तयार झाले. खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर, अनवाणी पाय, मातीने काळे झालेले… माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजातले मित्र आले.

“काका, तुम्ही येऊ नका. तुम्ही मागे असलात की माझे हात कापतात.”

ते खोटं होतं. काकांनी सदरा काढून खुंटीला लावला. “मग नाय येत. जा तू.”

मी जिंकलो. एका वेळी एकच यान बघितलं. मागची पोरं ऐकूही आली नाहीत. पण पुढे पदवीदानाला काका आले नाहीत. माझ्या लग्नात मांडवामागे आचाऱ्याजवळ बसून राहिले. “मी समोर आलो की पोराचे हात कापतात,” असं सगळ्यांना सांगायचे, अगदी मनापासून. मी ते ऐकलं आणि हसण्यावारी नेलं.

तेराव्यानंतर वहिनींनी, काकांच्या सुनेने, त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत नखी होती आणि तिच्याखाली नोकरी लागल्यावर मी पाठवलेलं पत्र. काकांना वाचता येत नसे, वहिनी वाचून दाखवायच्या. पत्र सगळ्या घरासमोर वाचलं जाणार, म्हणून त्यातली एक ओळ मी पत्र पोस्टात टाकण्यापूर्वी गच्च खोडली होती.

“मामंजी दर वेळी तिथं बोट ठेवायचे,” वहिनी म्हणाल्या. “‘हितं काय हाय गो?’ मी तरी काय सांगणार, भावोजी?”

ती ओळ मला पाठ आहे. तिच्यासकट ते पत्र इथे उतरवतो.

“तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. नोकरी लागली. मुलाखतीला पाच साहेब समोर होते. मी हातातलं पान बघितलं. काका, तुमच्यामुळे माझे हात कधीच कापले नाहीत; मला तुमच्या अनवाणी पायांची लाज वाटली होती. तब्येतीस जपावे. वाडीत उन्हाचे जास्त वेळ उभे राहू नये. आपला, मधू.”