चुडामण मास्तरांची बिनछडीची शाळा

शनवारा मोहल्ल्यातल्या चुडामण मास्तरांच्या मराठी शाळेत घंटा नव्हती, छडी नव्हती, आणि परक्या माणसाला वाटे की मास्तरही नाहीत. ते मागच्या बाकावर पोरांतच बसलेले असत.

रिवाज एकच. आज मी काय शिकणार, हे प्रत्येकानं सकाळी पाटीवर लिहायचं. जमलं की नाही, ते संध्याकाळी खाली लिहायचं. नाही जमलं तर कारणात दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. आईचं नाही, म्हशीचं तर नाहीच. मास्तरांचीही पाटी होती. तिच्यावर 'हजामत' हा विषय 'नाही जमलं, आळस' या शेऱ्यासह दोन महिने टिकून होता.

छपन्न साली नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि हे मराठी बोलणारं गाव हिंदी मुलखात राहिलं. पुढच्याच वर्षी कागद आला: पोरांची हिंदी तपासू, निम्मी पास झाली नाहीत तर शाळेची मान्यता बंद.

तपासणीचे साहेब मनाचे मऊ निघाले. बावीस पोरांना त्यांनी हिंदी उतारा सांगितला, वह्या गोळा केल्या आणि मास्तरांच्या हातात ठेवल्या.

"मास्टरजी, मैं जरा चाय पीकर आता हूँ. कॉपियाँ आप ही जाँच लीजिए," म्हणाले आणि डोळा मारला. बाहेरच्या बकरीलाही कळावा इतका ढळढळीत इशारा होता. मास्तरांनाही कळला. त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

"मास्तर," दहा वर्षांची सुलभा म्हणाली, "आमच्या वह्या आम्हीच तपासतो ना?"

पेन्सिल हवेत थांबली. मग मास्तरांनी वह्या वाटून टाकल्या.

बावीसपैकी सहा पास. सुलभा अर्ध्या गुणानं नापास. शाईचा डाग पडला म्हणून तिनं तो अर्धा गुण स्वतःच कापला होता. साहेबांनी आकडा पाहिला, मास्तरांकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून सही केली.

"अहो, एक दिवस तरी मास्तर व्हायचं होतं!" घरी बायको, शारदाबाई, म्हणाल्या. मास्तर जेवले नाहीत.

पोरं सरकारी हिंदी शाळेत गेली. आठवड्याभरानं सुलभा मास्तरांच्या ओट्यावर आली. तळहातावर वळ होते.

"गुरुजींनी विचारलं, गृहपाठ किसने नहीं किया? आपल्या शाळेतल्या चौघांनी हात वर केले. बाकीच्यांनी पण केला नव्हता, मास्तर. ते गप बसले."

"मग?"

"मग आम्हालाच मारलं. आता पुढच्या वेळी हात वर करू का नको?"

असल्या प्रश्नाला मास्तरांचं वीस वर्षांचं उत्तर होतं, 'तूच ठरव'. ते ओठांपर्यंत आलंही. त्यांनी पुन्हा ते वळ पाहिले.

"नको करू, बाई," मास्तर म्हणाले. "गप बस."

सुलभानं मान हलवली आणि दप्तर उचलून घरी गेली.